एटीएम: खात्यातून पैसे गेले, नोटा आल्या नाहीत. कधी दहा मिनिटांत परत, कधी पाच दिवस. फरक कशामुळे?

हिशोबनीस, नाशिकरोड

आमच्या सोसायटीच्या कार्यालयात सभासद एकच तक्रार पुन्हा पुन्हा घेऊन येतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर 5,000 काढायला गेलो, खात्यातून वजा झाल्याचा मेसेज आला, मशीनमधून काही नाही. एकाचे पैसे घरी पोचायच्या आत परत जमा होतात. दुसऱ्याचे, तशाच मशीनवर, चार-पाच दिवस अडकून राहतात आणि शाखेत "थांबा, आपोआप येतील" एवढंच सांगतात.

सूचना फलकावर लावण्यासाठी नीट माहिती हवी आहे. हा फरक नेमका कुठे पडतो? मशीनसमोर उभं असतानाच काय टिपून घ्यावं? तक्रार कार्डाच्या बँकेत करायची की मशीनच्या? आणि फसलेला व्यवहार महिन्याच्या पाच मोफत व्यवहारांत धरला जातो का?

स्विचरूम

फरक एका गोष्टीने पडतो: आपण फसलो हे मशीनला कळलं का, आणि कळलं असेल तर ते सांगायला लाइन चालू होती का.

पैसे वजा होणं आणि नोटा बाहेर येणं या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांचा क्रम लोकांना वाटतो त्याच्या उलटा आहे. खातं आधी वजा होतं. नोटेला त्यानंतर हात लागतो.

रस्ता असा. पिन टाकला की तो कीपॅडच्या आतच एन्क्रिप्ट होतो. मशीनच्या कॉम्प्युटरलाही खरा पिन दिसत नाही. कार्डाची चिप त्या व्यवहारापुरता एक सांकेतिक आकडा तयार करते. हे सगळं मशीनच्या बँकेच्या स्विचकडे, म्हणजे व्यवहाराचे संदेश योग्य ठिकाणी वळवणाऱ्या कॉम्प्युटरकडे जातं. कार्ड त्याच बँकेचं असेल तर तिथूनच कोअर बँकिंगला, म्हणजे खात्यांचा हिशोब ठेवणाऱ्या यंत्रणेला. दुसऱ्या बँकेचं असेल तर एनपीसीआयच्या (नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या) नॅशनल फायनान्शियल स्विचकडे, म्हणजे एनएफएसकडे. हे नेटवर्क 2004 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या आयडीआरबीटी या संस्थेने सुरू केलं आणि डिसेंबर 2009 पासून एनपीसीआय चालवते. एनएफएस कार्डाच्या पहिल्या आकड्यांवरून बँक ओळखून विनंती तिकडे पाठवतं. ती बँक पिन, चिपचा आकडा, शिल्लक आणि दिवसाची मर्यादा तपासते, रक्कम वजा करते आणि मंजुरी परत धाडते. तुमचा मेसेज इथे निघतो. नोटा अजून कॅसेटमध्येच, म्हणजे मशीनमधल्या नोटांच्या पेटीतच आहेत.

या विनंतीचा संदेश क्रमांक 0200, उत्तराचा 0210. उत्तरात दोन आकडी कोड असतो. 00 म्हणजे मंजूर. 51 शिल्लक कमी, 55 पिन चुकीचा, 75 पिनचे प्रयत्न संपले, 54 कार्डाची मुदत संपली, 61 रकमेची मर्यादा ओलांडली, 65 किती वेळा काढता येतील ती मर्यादा ओलांडली, 91 कार्डाच्या बँकेची यंत्रणा उत्तर देत नाही. काही मशीन हे कोड चिठ्ठीवर छापतात, काही फक्त मजकूर. 51, 55, 61 वगैरेंमध्ये खात्याला हात लागलेला नसतो, त्यामुळे परत येण्यासारखं काही नसतंच.

आता फसण्याच्या जागा.

विनंती बँकेपर्यंत पोचलीच नाही, तर काहीच वजा होत नाही. हा प्रकार सोपा.

बँकेने वजा केलं, पण मंजुरी परत येताना अडकली किंवा उशिरा आली, तर मधला स्विच ठरलेले सेकंद वाट बघतो आणि मुदत संपली की 0420 हा उलटा संदेश पाठवतो. त्यालाच रिव्हर्सल म्हणतात. लाइन पडलेली असेल तर तो रांगेत राहतो आणि पोचपावती येईपर्यंत पुन्हा पुन्हा जातो. मिनिटांत परत येणारे पैसे इथले.

मंजुरी मशीनपर्यंत आली, नोटा उचलताना बिघाड झाला, आणि मशीनने "दिल्या नाहीत" असं स्पष्ट कळवलं. पुन्हा रिव्हर्सल. हेही मिनिटांत.

चौथा प्रकार तुमच्या सभासदांना छळतो. स्विचने "नोटा द्या" असा हुकूम मशीनला दिला आणि नंतर मशीनकडून उत्तरच आलं नाही, किंवा संदिग्ध आलं. वीज गेली, राउटरची सिम लाइन तुटली, नोटा अध्येमध्ये अडकल्या. आता स्विचला माहीतच नाही की नोटा ग्राहकाच्या हातात आहेत की मशीनच्या पोटात. अशा वेळी आपोआप रिव्हर्सल दिलं आणि नोटा खरोखर गेलेल्या असल्या, तर पैसे दोनदा गेले. म्हणून हा व्यवहार संशयित म्हणून बाजूला पडतो आणि मशीनची नोंद व रोकड जुळवल्याशिवाय हलत नाही. पाच दिवस इथे जातात.

आणखी एक, कमी दिसणारा प्रकार: रिव्हर्सल वेळेवर निघालं, पण कार्डाच्या बँकेला मूळ व्यवहाराशी त्याची जोडी लावता आली नाही. कोअर बँकिंगचं रात्रीचं काम चालू असताना असं होतं. मग ते हातानेच निस्तरावं लागतं.

रद्द बटणाबद्दल: "प्रोसेसिंग" दिसायला लागल्यावर रद्द दाबून उपयोग नाही. विनंती निघून गेलेली असते.

कॅसेट

वरचं बरोबर आहे. मशीनच्या पोटातलं मी लिहितो, कारण बिघाड बघताना लोक नेटवर्कवर जास्त खापर फोडतात आणि नोटांवर कमी.

बहुतेक मशीनमध्ये चार कॅसेट असतात आणि एकेकीत साधारण 2,000 ते 2,500 नोटा मावतात. कोणत्या कॅसेटमधून किती नोटा काढायच्या हे पुष्कळ यंत्रणांमध्ये मशीन ठरवत नाही, स्विच हुकुमातच सांगतो. रबरी चाकं किंवा हवेचे चूषक एकेक नोट उचलतात. पुढे जाडी मोजणारा सेन्सर असतो. दोन नोटा चिकटून आल्या, दुमडलेली आली, टेप लावलेली आली की ती थेट रिजेक्ट पेटीत पडते आणि दुसरी उचलली जाते. रिजेक्ट फार झाले तर सगळी गड्डी पेटीत टाकून मशीन हात वर करतं. गड्डी नीट जमली तर शटरपाशी येते, शटर उघडतं, आणि नोटा ओढून घेतल्या की तिथला सेन्सर "घेतल्या" अशी नोंद करतो.

बिघाड उचलण्याच्या टप्प्यावर झाला तर मशीनला नक्की माहीत असतं की काहीही बाहेर गेलं नाही. गड्डी जमल्यानंतर, शटरच्या तोंडाशी अडकली, तर माहीत नसतं. म्हणून मशीनसमोर असताना आवाज ऐका. नोटा मोजल्याचा खडखडाट झालाच नाही, तर पैसे लवकर परत येण्याची शक्यता जास्त. खडखडाट झाला, शटर हललं आणि मग मशीन बंद पडलं किंवा नव्याने सुरू झालं, तर तो व्यवहार संशयितात जाणार असं धरून तक्रार लगेच नोंदवा.

वीज परत आल्यावर मशीन स्वतःला तपासतं आणि वाटेत अडकलेल्या नोटा रिजेक्ट पेटीत ढकलतं. त्या तिथे पडून राहतात, कोणी मशीन उघडेपर्यंत.

नाशिकच्या पावसाळ्यात दोन कारणं वाढतात. दमट हवेत जुन्या नोटा एकमेकींना चिकटतात. आणि छतावरच्या छोट्या डिशवर चालणाऱ्या मशीनची लाइन जोरदार सरीत कमजोर होते; त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे हे जास्त जाणवतं. कोऱ्या नोटांचाही त्रास असतो. बंडल फुलवून, हवा खेळवून न भरता तसंच कॅसेटमध्ये कोंबलं की दोन-दोन नोटा एकत्र उचलल्या जातात. नाशिकरोडला प्रेस आहे म्हणून इथल्या मशीनमध्ये कोऱ्या नोटा थेट तिथून येतात असं बरेच जण समजतात. तसं नाही. प्रेसमधून नोटा रिझर्व्ह बँकेकडे, तिथून बँकांच्या करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे रोकड साठवणाऱ्या तिजोऱ्यांमध्ये, आणि चेस्टमधून रोकड भरणाऱ्या एजन्सीकडे जातात.

आणखी एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही. बहुतेक मशीन एका वेळी जास्तीत जास्त 40 नोटा देतात. 500 ची कॅसेट संपून 100 च्याच नोटा उरल्या असतील तर 4,000 च्या वर काही मिळणार नाही, मग खात्यात लाख असोत. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये बँकांना सांगितलं की 30 सप्टेंबर 2025 पर्यंत 75 टक्के आणि 31 मार्च 2026 पर्यंत 90 टक्के एटीएममध्ये निदान एका कॅसेटमधून 100 किंवा 200 च्या नोटा मिळाल्या पाहिजेत. म्हणजे मोठ्या नोटांची जागा थोडी कमी झाली. मोठी रक्कम नाकारली गेली तर 2,000 किंवा 3,000 मागून बघा.

गंगापूररोडकर

माझ्या मते सरळ मशीन ज्या बँकेचं आहे त्या शाखेत जावं. चाव्या त्यांच्याकडे, कॅमेरा त्यांचा. तेच लवकर सोडवतील.

ताळमेळ विभाग

नाही, हे फलकावर लिहू नका. लोक दोन-तीन दिवस वाया घालवतील. तक्रार नेहमी कार्ड देणाऱ्या बँकेत. मशीनच्या बँकेकडे तुमचं खातं नाही, ती तुम्हाला पैसे देऊच शकत नाही. ती फक्त नेटवर्कमार्फत तुमच्या बँकेला देते. शिवाय पुष्कळ मशीनची रोकड शाखा हाताळतही नाही, एजन्सी हाताळते. मशीनच्या बँकेला फोन करायची एकच वेळ: नोटा शटरमध्ये अडकलेल्या दिसताहेत, किंवा शटरवर काही चिकटवलेलं दिसतंय.

हे दुसरं जरा उलगडून सांगतो, कारण यात पैसे कायमचे जाऊ शकतात. चोर शटरच्या तोंडावर आतून चिकट पट्टी किंवा खोटी झाकणी बसवतात. नोटा आतपर्यंत येतात, तिला अडकतात, ग्राहक "मशीन बिघडलं" म्हणून निघून जातो आणि पाच मिनिटांनी कोणीतरी येऊन पट्टीसकट नोटा काढून नेतो. म्हणून खडखडाट झाला आणि नोटा आल्या नाहीत तर मशीन सोडून जाऊ नका. शटरच्या फटीत बघा, आजूबाजूच्या "मदत करतो" म्हणणाऱ्याला कार्डाला हात लावू देऊ नका, मशीनवर लिहिलेल्या नंबरवर तिथूनच फोन करा. मात्र गुगलवर नंबर शोधू नका. खोटे मदत क्रमांक तिथेच पेरलेले असतात. तुमच्या बँकेचा नंबर कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा घ्या.

आता पाच दिवसांत आत काय चालतं. प्रत्येक मशीन स्वतःची डायरी लिहितं, तिला इलेक्ट्रॉनिक जर्नल किंवा नुसतं ईजे म्हणतात. कार्ड आत, पिन टाकला, विनंती गेली, मंजुरी आली, कोणत्या कॅसेटमधून किती नोटा उचलल्या, किती रिजेक्ट, शटरपाशी ठेवल्या, घेतल्या, सेकंदासकट. एजन्सी रोकड भरायला जाते तेव्हा तीन आकडे जुळवते: मशीनचा काउंटर, स्विचचा हिशोब आणि हाताने मोजलेली रोकड, रिजेक्ट पेटीसकट. स्विच म्हणतो 5,000 गेले आणि पेटीत 5,000 जादा सापडले, तर ते जादा कोणाचे हे ईजेवरून काढतात आणि मशीनची बँक नेटवर्कमधून तुमच्या बँकेला ती रक्कम स्वतःहून परत करते. हे झालं नाही तर तुमची बँक तुमच्या तक्रारीवरून एनपीसीआयच्या तंटा यंत्रणेत चार्जबॅक, म्हणजे रक्कम परत देण्याची मागणी, टाकते. मशीनची बँक तो मान्य करते, किंवा ईजे जोडून नाकारते.

वेळ का लागतो हे इथे दिसतं. रोकड रोज भरली जात नाही, त्यामुळे जादा रक्कमही रोज सापडत नाही. त्यात भरण्याच्या वेळेचं बंधन आहे. गृह मंत्रालयाच्या नियमांनुसार शहरात रात्री 9 नंतर आणि ग्रामीण भागात संध्याकाळी 6 नंतर रोकड भरत नाहीत. शनिवारी संध्याकाळी लासलगाव किंवा त्र्यंबकमध्ये रिकामं पडलेलं मशीन त्या रात्री भरलं जाणार नाही.

मुदतीबद्दल स्पष्ट नियम आहे. रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक, 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू. पैसे वजा झाले आणि नोटा मिळाल्या नाहीत तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांच्या आत बँकेने स्वतःहून परत जमा करायचे. त्यापुढे दर दिवशी 100 रुपये भरपाई, तीही न मागता. दिवस कॅलेंडरचे मोजायचे, रविवार आणि सुट्ट्या धरून. 3 तारखेचा व्यवहार असेल तर मुदत 8 ची. पैसे 14 ला आले तर 6 दिवसांचे 600 रुपये सोबत यायला हवेत. शाखेत अजून कोणी "सात कामाचे दिवस" सांगत असेल तर तो त्याआधीचा नियम आहे.

हिशोबनीस, नाशिकरोड

फार उपयोगी. गंगापूररोडकरांची सूचना फलकावर घेत नाही. एक शंका: आमच्या बऱ्याच सभासदांची कार्डं छोट्या नागरी सहकारी बँकांची आहेत. त्यांना हा त्रास जास्त होतो असं दिसतं. खरंच तसं असतं का?

स्विचरूम

कारण असू शकतं. छोट्या सहकारी बँका बहुधा एनएफएसच्या थेट सभासद नसतात, मोठ्या प्रायोजक बँकेमार्फत उपसभासद असतात. त्यामुळे विनंतीच्या रस्त्यात एक-दोन टप्पे वाढतात: एनएफएस, मग प्रायोजक बँकेचा किंवा सेवा कंपनीचा स्विच, मग त्या बँकेचं कोअर बँकिंग. जितके टप्पे, तितक्या उशीर होण्याच्या जागा. 91 हा कोड जास्त दिसतो तो त्यामुळे. तंटाही प्रायोजकामार्फतच जातो. पण 5 दिवसांची मुदत आणि 100 रुपये तसेच लागू. "आमची बँक छोटी आहे" हे कारण नियमात नाही.

आणखी एक सांगून ठेवा. पहिला प्रयत्न फसल्यावर लगेच दुसरा करू नका. आधी शिल्लक बघा. अडकलेली रक्कम परत येईपर्यंत दिवसाच्या मर्यादेत धरलेली असते, मग पुढच्या मशीनवर 61 येतो आणि माणूस समजतो की कार्डच बंद झालं.

ताळमेळ विभाग

टिपून घ्यायच्या गोष्टी. चिठ्ठी आली तर तिचा लगेच फोटो, कारण तो थर्मल कागद असतो आणि खिशातल्या उन्हाघामाने अक्षरं उडतात. चिठ्ठी नाही आली तर मशीनवर लिहिलेला एटीएम आयडी, बँकेचं नाव, वेळ मिनिटापर्यंत, आणि वजा झाल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट. "द्वारकाजवळचं एटीएम" असं लिहून आलेल्या तक्रारीत मशीन शोधण्यातच दिवस जातो, तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना मशीनं आहेत.

सगळ्यात मोलाचा आकडा आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, 12 अंकी. चिठ्ठीवर असतो, पुष्कळ बँकांच्या खातेउताऱ्यातही असतो. त्याची रचना बऱ्याच स्विचमध्ये अशी असते: पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा, पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस, पुढचे दोन तास, उरलेले सहा क्रमांक. 5227 ने सुरू होणारा आरआरएन म्हणजे 2025 चा 227 वा दिवस, 15 ऑगस्ट. तारखेचा घोळ असला की याचा उपयोग होतो.

तक्रारीचा मजकूर तीन ओळींत पुरतो: "दिनांक अमुक, वेळ अमुक, एटीएम आयडी अमुक, बँक अमुक. आरआरएन अमुक. माझ्या खात्यातून 5,000 रुपये वजा झाले, नोटा मिळाल्या नाहीत. रक्कम आणि मुदतीनंतरच्या दिवसांची भरपाई जमा करावी." खातं आणि मोबाइल नंबर लिहा. पूर्ण कार्ड नंबर, पिन, ओटीपी कुठेही लिहू नका. आणि तक्रार क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेल्या तक्रारीची तारीख नंतर सिद्ध करता येत नाही. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. तिथे तोच क्रमांक विचारतात.

कॅसेट

मोफत व्यवहारांचं राहिलं. नाशिक सहा महानगरांत धरलं जात नाही, म्हणून इतर बँकांच्या एटीएमवर महिन्याला 5 व्यवहार मोफत. मुंबईच्या मशीनवर 3. त्यापुढे 1 मे 2025 पासून व्यवहारामागे जास्तीत जास्त 23 रुपये अधिक कर. मशीनचा बिघाड, लाइन, नोटा नसणं, बँकेच्याच अडचणीमुळे आलेला नकार, चुकीचा पिन, या कारणांनी फसलेला व्यवहार मोजायचा नाही आणि त्यावर शुल्कही नाही. हे 14 ऑगस्ट 2019 च्या परिपत्रकात आहे. शिल्लक कमी म्हणून नकार आला तर मात्र अनेक बँका स्वतःच्या दरपत्रकानुसार दंड लावतात. त्यामुळे शिल्लक मोबाइलवर बघून मगच रक्कम टाकायला सांगा. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर शिल्लक बघणंही मोफत पाचात धरलं जातं.

हिशोबनीस, नाशिकरोड

शेवटचं एक. एका सभासदाचे पैसे जमा झाले आणि महिन्याभराने पुन्हा वजा झाले. हे कसं?

ताळमेळ विभाग

दोन शक्यता. एक, पैसे दोनदा जमा झाले होते: उशिरा आलेलं रिव्हर्सल आणि तक्रारीवरून दिलेली रक्कम. मग एक परत घेणं बरोबर आहे. खातेउताऱ्यात मूळ 5,000 च्या समोर जमेच्या किती नोंदी आहेत ते मोजा.

दुसरी, बँकेने तक्रारीवरून तात्पुरती रक्कम दिली, चार्जबॅक टाकला, आणि मशीनच्या बँकेने ईजे जोडून तो नाकारला. अशा वेळी कार्डाच्या बँकेकडे लेखी मागा: ईजेची प्रत, त्या दिवसाचा रोकड ताळमेळ आणि सीसीटीव्हीचं चित्रण. ईजेमध्ये "नोटा ठेवल्या" आहे पण "घेतल्या" नाही असं दिसलं, तर प्रकरण पुन्हा उघडण्याजोगं आहे. "घेतल्या" असं दिसलं पण कॅमेऱ्यात दुसराच हात असेल, तर ती शटरची चोरी. तिची तक्रार पोलिसांतही नोंदवा आणि प्रत बँकेला द्या. चित्रण ठरावीक काळच ठेवतात, म्हणून "चित्रण जपून ठेवावे" हे वाक्य पहिल्याच तक्रारीत घाला.

हिशोबनीस, नाशिकरोड

त्यांच्या उताऱ्यात जमेची एकच नोंद आहे. म्हणजे दुसरी शक्यता. उद्याच ईजेची प्रत मागणारं पत्र देतो.

ताळमेळ विभाग

पत्रात मूळ तक्रार क्रमांक आणि पैसे पुन्हा वजा झाल्याची तारीख दोन्ही टाका. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या.